सहा ताटल्या

एल्रॉय डिट्झेनचा उजवा खांदा
मी चार महिने हलवला. वर, बाजूला, मागे.
भिंतीवर बोटं चढवायला लावली मुंगीसारखी.
जानेवारीत हात कानापर्यंत पोचला, तेव्हा म्हणाला,
झालं. आता भाला मारता येईल.
बघायला येशील?

विनेबेगो तळ्यावर फेब्रुवारीत रस्ता असतो.
नाताळ झाल्यावर टाकून दिलेली झाडं
बर्फात रोवून आखलेला.
स्टॉकब्रिजच्या काठावरून त्याची पिकअप आत शिरली,
दोन्ही दारं उघडी.
दारं का उघडी?
"बर्फानं विचार बदलला तर,"
म्हणाला, आणि डोनट पुढे केला.

खोपी पानटपरीएवढी. खिडकी नाही.
आतून सगळी काळी रंगवलेली.
मधोमध करवतीनं कापलेलं भोक,
जमिनीत आडवं पाडलेलं दार जसं.
खरं दार लावल्यावर आधी काहीच दिसेना,
मग तळं पेटलं.
आवळ्याच्या फोडीचा हिरवा.
आम्ही दोघं खालून उजळलेले,
हनुवट्या उजेडात, कपाळं अंधारात.

पंधरा फूट खाली, गाळावर, सहा ताटल्या.
पांढऱ्या, निळ्या काठाच्या.
"मार्सेलाच्या. लग्नातल्या.
मासा काळा, गाळ काळा.
पांढऱ्यावरून गेला तरच कळतं."
लोक अंड्यांची टरफलं टाकतात, सोललेले बटाटे टाकतात.
तो ती गेली त्या हिवाळ्यापासून
एकेक ताटली दोरीच्या फासातून उतरवतो.
हंगाम संपला की आकड्यानं वर काढतो,
धुतो, कपाटात लावतो.

किती मारलेस आजवर?
"एक. म्हणजे तिनं मारला. मी बाजूला होतो."

लाकडी मासा दोरीवर गोल फिरत राहिला,
पोटात शिसं, डोळ्याच्या जागी कोटाचं बटण.
हीटर सुसकारे टाकत होता.
साकोलीला माझे बाबा मच्छीमार सोसायटीत कारकून.
जन्मभर मासे किलोत लिहिले,
मामा तलावाच्या पाण्यात एकदाही वाकून पाहिलं नाही.
हे मी एल्रॉयला सांगितलं की नुसतं मनात म्हटलं,
आता आठवत नाही.

साडेबारा. एकला भाला वर घ्यायचा, कायदाच आहे.
एल्रॉय झोपला होता,
हनुवटी छातीवर, हात दांड्यावर.

तेव्हा चौथी ताटली विझली.
मग तिसरी.
घाई नाही, आवाज नाही.
शेपूट अजून चौथीवर आणि थोबाड दुसरीपाशी,
पाठीवर हाडांची रांग,
आणि मिशा ताटलीचा काठ चाचपत होत्या,
कुणी जेवून उठलेल्या ताटात मीठ शोधावं तशा.

मी हात उचलला त्याच्या खांद्यावर ठेवायला,
ज्या खांद्याची दोरी न् दोरी मला पाठ.
हात हवेतच राहिला.

मासा सुंदर होता म्हणून नव्हे.
दया तर मुळीच नाही, मी मरळ खात वाढले.
एवढंच सांगता येईल की डोक्यात आकडे चालले होते,
दहा वेळा वर, दहा वेळा बाजूला,
रोज,
पुढच्या फेब्रुवारीपर्यंत.

पहिली ताटली विझली. उजळली.

एकच्या ठोक्याला तो आपणहून जागा झाला.
भाला पुसला, खिळ्याला टांगला.
"काही आलं?"
नाही, म्हणाले.
तो वाकून पाण्यात बघत राहिला, बराच वेळ.
चौथी ताटली जराशी तिरकी झाली होती,
अंधारात कुणाचा पाय लागावा तशी.
"नाही तर नाही,"
म्हणाला, आणि थर्मासातली उरलेली कॉफी
माझ्याच कपात ओतली.

मंगळवारी क्लिनिकमध्ये आला. अपॉइंटमेंट नव्हती.
जॅकेट न काढताच भिंतीपाशी उभा राहिला,
बोटं चढवू लागला. मी मोजत होते.
सातव्या खेपेला हात कानाजवळ थांबला.
भिंतीकडेच बघत त्यानं विचारलं,
केवढा होता?

मी दोन्ही हात पसरले.
पुरेनात.